कौलावरचा गाळ, डिचोलीचं हेमॅटाइट आणि उल्कापाषाणांतली दुर्मिळ खनिजं

मयेकाठ

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मे महिन्यात घराची शाकारणी काढली. कौलं उतरवताना पन्हळीतला वर्षभराचा गाळ मुद्दाम एका बालदीत जमा केला. कारण नॉर्वेच्या जॉन लार्सन यांच्याबद्दल वाचलं होतं. पेशाने जॅझ वादक असलेल्या या माणसाने शहरातल्या छपरांवरच्या गाळातून सूक्ष्म उल्काकण शोधले आणि शास्त्रज्ञांनी त्यांतल्या ५०० कणांची खातरजमा केली. पृथ्वीवर दरवर्षी असे सुमारे ५,२०० टन कण पडतात म्हणे, मग आमच्या कौलांवरही पडत असणारच. गाळ साबणाच्या पाण्यात चार वेळा धुतला, वाळवला, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवला. पिशवीला अर्धी वाटी काळी भुकटी चिकटली! शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात चौदा गोळ्या दिसल्या, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक. नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ह्यांतली आभाळातली कुठली?" मला सांगता आलं नाही.

मग वाचायला बसलो आणि भलतीकडेच पोचलो. मेक्सिकोत १९६९ साली पडलेल्या अयेंदे या 'आदिम' म्हणवल्या जाणाऱ्या उल्कापाषाणात आजवर कधी न पाहिलेली खनिजं सापडलीत. त्यांतले कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. एवढ्याशा कणावर बोट ठेवून "हे नवीन खनिज आहे" असं कोणी कसं म्हणू शकतं? त्यातली मूलद्रव्यं मोजली की झालं का? जाणकारांनी सांगावं. मुलांना समजेल असं असेल तर फारच उत्तम.

ताळगाव_पठार

सर, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न, दोन्हींचं उत्तर तुमच्याच तालुक्यात पडलंय. मी काही वर्षं इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनांच्या झोताने बारीक ठिपक्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) काम केलं आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

डिचोली-साखळीकडचा तांबूस काळा खनिजाचा खडा घ्या. हेमॅटाइट. लोहाचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन. साधं चुंबक त्याला ओढत नाही म्हटलं तरी चालेल. आता आपल्या जांभ्या मातीत आणखी एक खनिज असतं, मॅगहेमाइट. त्यातही लोह दोन आणि ऑक्सिजन तीन! मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राला दोघांत फरक दिसणारच नाही. पण मॅगहेमाइट चुंबकाला टपकन चिकटतं, कारण त्यातले अणू वेगळ्या पद्धतीने रचलेले असतात. तुमच्या अर्ध्या वाटी भुकटीत बहुतेक हे आणि लोहाचंच दुसरं चुंबकीय ऑक्साइड, मॅग्नेटाइट, असणार.

म्हणजे खनिज ओळखायचं तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: त्यात काय आहे, आणि जे आहे ते कसं रचलंय. पहिली कळली म्हणून दुसरी गृहीत धरायची नाही. मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) कण असो की मूठभर दगड, नियम तोच.

आता अयेंदेकडे. ८ फेब्रुवारी १९६९ ला चिवावा प्रांतात तो पडला आणि दोन टनांहून अधिक माल गोळा झाला. काळ्या पिठात पांढुरके, वेडेवाकडे ठिपके दिसतात. ते कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम भरपूर असलेले. सौरतेजोमेघातला, म्हणजे सूर्य आणि ग्रह ज्यातून घडले त्या ढगातला, तापलेला वायू निवताना जे सगळ्यात आधी गोठलं, ते या ठिपक्यांत आहे. वय ४५६ कोटी ७३ लाख वर्षं. त्यातली खनिजं उष्णतेला दाद न देणारी: कोरंडम, हिबोनाइट, पेरोव्हस्काइट, स्पिनेल, मेलिलाइट. नवीन खनिजं बहुतांशी याच ठिपक्यांत सापडतात.

काम असं चालतं. उल्कापाषाणाची चकती राळेत बसवून आरशासारखी घासायची, वर कार्बनचा पातळ थर द्यायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवायची. पडद्यावर सगळं करड्या छटांत येतं. जड अणू जिथे जास्त, तिथे उजळ. मेलिलाइट करडं, स्पिनेल त्याहून काळसर, पेरोव्हस्काइट पांढरं आणि प्लॅटिनम गटातल्या धातूंचे कण तर डोळे दिपवतील असे. तासन्‌तास नकाशा चाळायचा. एखादा ठिपका शेजाऱ्यांपेक्षा जरासा वेगळा करडा दिसला की थांबायचं. तिथून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं कळतात. ही झाली पहिली गोष्ट.

दुसरीसाठी चकती जवळजवळ ७० अंशांत कलती करतात आणि इलेक्ट्रॉनांचा झोत त्या एकाच कणावर धरतात. स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून परतलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर एकमेकांना छेदणारे पट्टे उमटवतात. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा रांगोळीच्या कागदावर आखलेल्या रेघा आठवल्या. पट्ट्यांमधले कोन मोजून ज्ञात रचनांशी ताडून बघायचे. जुळले तर रचना ठरली.

अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठाचे ची मा यांनी अशाच पद्धतीने अयेंदेतून खनिजांमागून खनिजं काढली. त्यातलं टिस्टाराइट मला सगळ्यात प्रिय. टायटॅनियमचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन. रचना? कोरंडमची, म्हणजे ॲल्युमिनियम दोन आणि ऑक्सिजन तीन असलेल्या खनिजाची. आणि डिचोलीच्या हेमॅटाइटचीही तीच! ॲल्युमिनियमच्या जागी लोह बसलं की हेमॅटाइट, टायटॅनियम बसलं की टिस्टाराइट. एकाच घराण्यातली भावंडं ही. वर्गात सांगा, तुमच्या खाणीतल्या खड्याचा सख्खा भाऊ सूर्यमालेच्या पहिल्या घन पदार्थांत आहे.

फरक एवढाच की टायटॅनियमला ऑक्सिजन हवा तेवढा मिळाला तर ते अशा रूपात थांबत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूतलं इल्मेनाइट घ्या, त्यात टायटॅनियम पुरतं ऑक्सिडीकृत असतं. टिस्टाराइट सांगतं की ते जन्मलं तिथे ऑक्सिजनचा चांगलाच तुटवडा होता. खनिजाचं नाव कळलं की त्याच्या जन्मस्थळाची हवा कळते. एवढ्या खटाटोपाचं कारण हेच.

फोंड्याची_वीणा

फार सुंदर प्रतिसाद, ताई. वाचनखूण साठवली. एक शंका: 'आदिम' उल्कापाषाण म्हणजे नेमके कुठले? सगळेच जुने ना?

ताळगाव_पठार

वय जवळपास सगळ्यांचं सारखंच. आदिम म्हणजे नंतर फारसा न बिघडलेला. कॉन्ड्राइट, म्हणजे कधी पुरते न वितळलेल्या, गटातल्या दगडांना १ ते ६ असे क्रमांक देतात. ३ म्हणजे जन्माच्या वेळचं रूप बऱ्यापैकी टिकलेला, अयेंदे त्यातला. २ आणि १ कडे जावं तसा पाण्याने बदललेला, ४ ते ६ कडे जावं तसा उष्णतेने शिजलेला. शिजलेल्यात मूळ खनिजं एकमेकांत मिसळून गेलेली असतात.

जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला ६ जून २०१७ ला पहाटे जो पडला तो सीएम२, म्हणजे सीएम गटातला, क्रमांक २ चा. कार्बनयुक्त, मऊ, पाण्याने बदललेला, पण उष्णतेने न शिजलेला, म्हणून आदिमच.

पर्वरीचा_नागपूरकर

मग आमच्या काटोलचं काय? २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात पडलेला. मी तेव्हा तिकडेच होतो. गावात जो तो आभाळाकडे बोट दाखवून सांगत होता.

ताळगाव_पठार

काटोल एल६, म्हणजे एल गटातला, क्रमांक ६ चा. म्हणून शिजलेला, आदिम नाही. पण नाराज होऊ नका, त्याचं महत्त्व निराळंच आहे. अवकाशात त्याला जबर टक्कर बसली होती आणि त्या दाबाने त्याच्या शिरांत ब्रिजमनाइट तयार झालं. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं, काम मुख्यतः आयआयटी खरगपूरच्या गटाचं. ब्रिजमनाइट हे आपल्या पृथ्वीच्या पोटातलं सगळ्यात विपुल खनिज, पण इतक्या खोल की हाताला लागत नाही. २०१४ पर्यंत त्याला नावसुद्धा नव्हतं. कारण निसर्गातला नमुना तपासून रचना दाखवल्याशिवाय खनिजाला नाव मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टेनहॅम उल्कापाषाणात तो मिळाला तेव्हा नाव मिळालं. सगळ्यांना पक्कं ठाऊक असलेलं खनिज इतकी वर्षं बिननावाचं राहिलं, यावरून 'रचना दाखवा' हा आग्रह किती कडक आहे ते बघा.

आणि लोणार! तिथे आघाताने प्लॅजिओक्लेज फेल्स्पार या खडकांतल्या नेहमीच्या खनिजाचं मॅस्केलिनाइट झालंय. बिहारच्या शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ ला पडलेल्या मंगळावरच्या दगडात हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला. मूलद्रव्यं फेल्स्पारचीच, कणाचा आकारही तोच, पण आतली अणूंची मांडणी टक्करीने विस्कटलेली. नुसतं रसायन मोजणारा त्याला फेल्स्पार म्हणून मोकळा होईल.

सांतइनेज_निवृत्त

मी आयुष्यभर प्रयोगशाळेत काढलं, म्हणून एक धोक्याची सूचना देतो. याची झळ मला स्वतःला बसली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या हाती एक चकती आली होती. एका खासगी प्रयोगशाळेने अहवाल दिला: ठिपक्यात ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, सबब कोरंडम. सोबत सिलिकॉन कार्बाइडचेही दोन कण. आम्ही आनंदाने वेडे झालो. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांची राख. ऑस्ट्रेलियात १९६९ मध्येच पडलेल्या मर्चिसन पाषाणातल्या अशा कणांत काहींचं वय सुमारे ७०० कोटी वर्षं निघालंय. तीन आठवडे आम्ही त्याच नादात होतो. मग एका सहकाऱ्याने विचारलं, "चकती घासली कशाने?"

घासली होती सिलिकॉन कार्बाइडच्या कागदाने, शेवटचा हात ॲल्युमिनाच्या, म्हणजे कोरंडमचेच अणू असलेल्या, भुकटीने. सगळे 'दुर्मिळ' कण भेगांत आणि भोकांत अडकलेले होते. दगडाच्या आत एकही नव्हता.

विचार करा, घासायला आपण वापरतो काय? ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, हिरा. आणि आदिम उल्कापाषाणांत शोधतो काय? कोरंडम, सिलिकॉन कार्बाइड, सूक्ष्म हिरे. म्हणून कण पाहिल्यावर पहिला प्रश्न: तो शेजाऱ्याच्या आत रुतलेला आहे की भेगेत बसलाय? त्याच्या कडा शेजाऱ्याच्या कडांशी जुळतात का? सिलिकॉन कार्बाइडच्या बाबतीत शेवटचा निकाल समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंचा. कारखान्यातल्या मालात कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांचं प्रमाण पृथ्वीवरचंच निघतं, ताऱ्यातल्या कणात ते कुठल्या कुठे असतं. त्यासाठी नॅनोसिम्स नावाचं यंत्र लागतं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत ते आहे.

ताळगाव_पठार

काका, तुमचा प्रतिसाद प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला द्यायला हवा. त्यात माझी थोडी भर. इलेक्ट्रॉनांचा झोत कितीही बारीक असला तरी आत शिरून तो फुगतो आणि मायक्रॉन-दोन मायक्रॉनच्या भागातून क्ष-किरण येतात. कण त्याहून लहान असेल तर शेजाऱ्याचं कॅल्शियम याच्या खात्यावर जमा होतं. आणि रामन वर्णपटाने (लेझर पाडून परतलेल्या उजेडावरून रचना ओळखायची पद्धत) लोहाची ऑक्साइडं तपासताना लेझर जपून. जोर जास्त झाला तर मॅग्नेटाइट किंवा मॅगहेमाइट तापून तिथल्या तिथे हेमॅटाइट होतं, आणि आपण आपणच बनवलेलं खनिज शोधून काढतो.

पँग्वाइटचं उदाहरण मुद्दाम देते. २०१२ मध्ये जाहीर झालं, अयेंदेतलंच. टायटॅनियम, स्कँडियम, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, झिर्कोनियम, कॅल्शियम असा सगळा गोतावळा एका कणात. कोणीही म्हणेल की चार कणांची सरमिसळ मोजली असणार. पट्ट्यांच्या आकृतीवरून एकच सलग स्फटिक दिसला, म्हणून ते खनिज ठरलं. चिनी पुराणातल्या पान गू या देवाचं नाव त्याला दिलंय, ज्याने आदिम गोंधळातून आकाश आणि पृथ्वी वेगळी केली.

आगरवाडो

आमची मिठागरं आहेत, म्हणून हा धागा वाचताना एक आठवलं. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ च्या सप्टेंबरात १२१.६ ग्रॅम माल आला. त्यात क्षार सापडल्याचं २०२५ च्या जानेवारीत वाचलं: मीठ, ट्रोना (सोड्याचा एक क्षार), सोडियमचे फॉस्फेट. पाणी आटत गेलं तसे एकामागून एक क्षार बसले म्हणे. आमच्याकडेही तसंच असतं, सगळं एकदम बसत नाही. आधी चुना-जिप्सम तळाला धरतं, मग मीठ, आणि उरलेलं कडू पाणी आम्ही सोडून देतो. हे वाचून अंगावर काटा आला. पण मग उल्कापाषाणांत यांतले बरेचसे क्षार आधी का नाही दिसले?

ताळगाव_पठार

कारण हवा! तुम्हाला तर माहीतच आहे, जूनमध्ये मिठाच्या बरणीचं काय होतं. बेन्नूचा माल नायट्रोजनमध्ये ठेवलेला, पृथ्वीच्या दमट हवेचा वाराही लागू दिला नाही. उल्कापाषाण मात्र शेतात पडतो, मग संग्रहालयाच्या कपाटात जातो.

उलट गोष्टही घडते. फ्रान्समध्ये १४ मे १८६४ ला पडलेल्या ऑर्गेय उल्कापाषाणातल्या पांढऱ्या सल्फेटच्या शिरा लोक वर्षानुवर्षं अवकाशातल्या पाण्याचा पुरावा म्हणून दाखवत. २००१ मध्ये दोघा संशोधकांनी मांडलं की त्या बहुधा संग्रहालयातल्या दमट हवेने नंतर तयार झाल्या. मूलद्रव्यं बरोबर, रचना बरोबर, खनिज खरं. फक्त जन्म पृथ्वीवरचा. म्हणजे माझ्या वरच्या दोन गोष्टींत तिसरी भर घालायला हवी: ते तिथे कधी आलं?

म्हणून गोव्यात कोणाच्या अंगणात काही पडलंच तर आधी फोटो, मग हातमोजे, कोरड्या फॉइलमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाचा डबा, आणि लगेच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशाचा उल्कापाषाणांचा ठेवा तेच सांभाळतात. धुवायचं तर अजिबात नाही.

पेडणे_वाचनालय

भारताच्या वाट्याची एक गोष्ट राहिली. २ डिसेंबर १८५२ ला उत्तर प्रदेशातल्या बस्तीला पडलेल्या पाषाणात ब्रिटिश खनिजतज्ज्ञ मॅस्केलिन यांना दोन नवी खनिजं मिळाली, ओल्डहॅमाइट आणि ऑस्बोर्नाइट. पहिल्याचं नाव आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून. बस्तीचा पाषाण स्वतः आदिम नाही, वितळून घडलेल्या ऑब्राइट गटातला. पण हीच खनिजं आदिम पाषाणांतही सापडतात. ऑस्बोर्नाइट म्हणजे टायटॅनियम नायट्राइड. हार्डवेअरच्या दुकानातल्या सोनेरी ड्रिल बिटवर जो मुलामा असतो ना, तोच पदार्थ! पुढे १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातमध्ये दियोदरला त्याच गटातला पाषाण पडला, बस्तीनंतर देशातला पहिलाच.

ताळगाव_पठार

अगदी मोक्याची भर घातलीत. ओल्डहॅमाइट पाण्याने लगेच बिघडतं, म्हणून ते असण्याची शक्यता असेल तर चकती पाण्याशिवाय घासतात. पाणी लावलं की ज्याला शोधायचं तेच नाहीसं.

मयेकाठ सर, आता तुमच्या चौदा गोळ्या. गुळगुळीत, आरशासारख्या आणि आजूबाजूला वेल्डिंगचं दुकान असेल तर त्या बहुतेक तिथल्याच. आभाळातल्या दगडी गोळ्यांवर बारीक समांतर रेषा दिसतात, ऑलिव्हिन या मॅग्नेशियम-लोह-सिलिकॉनच्या खनिजाचे पट्टे, मधे मॅग्नेटाइटची नक्षी. आपल्या दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत अशा गोळ्यांवर बरंच काम झालंय. मध्य हिंद महासागराच्या तळातून, पाचेक किलोमीटर खोलीवरून काढलेल्या. तिथे गाळ हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर साचतो, म्हणून उल्काकण दाटीने मिळतात. ना वेल्डिंग, ना खाणीचे ट्रक. तुमची जागा त्या मानाने फार अवघड आहे, पण प्रयत्न सोडू नका.

मयेकाठ

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

वर्गात प्रयोग केला. न चकाकणाऱ्या फरशीच्या पाठीवर खाणीतला खडा ओढला, लाल रेघ उठली. चुंबक लावलं, हलला नाही. मग शाळेमागच्या जांभ्याची माती वाळवून चुंबक फिरवलं, बारीक कण चिकटले. "दोन्हीकडे लोह आणि ऑक्सिजनच आहे" असं सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. पुढचा अर्धा तास मला काही शिकवावं लागलं नाही, प्रश्न तेच विचारत होते.

गोळ्या: रस्त्यापलीकडे खरंच वेल्डिंगचं दुकान आहे. मालकाने मोठ्या मनाने त्याच्याकडची फरशीवरची धूळ दिली. शेजारी ठेवून पाहिलं तर चौदापैकी तेरा गोळ्या हुबेहूब तशाच. चौदावी वेगळी. मंद काळी, एका बाजूने किंचित लांबट, वर समांतर रेषा. ताईंनी सांगितलेल्या ओळखीतून ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेली. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह, ऑक्सिजन आणि थोडं निकेल. रचना अजून पाहायची आहे, रामनला बुधवारची वेळ मिळाली आहे.

ती मुलगी वहीत तक्ता भरतेय. गोळी क्रमांक १ ते १३ पुढे 'वेल्डिंग' लिहिलंय. १४ पुढे 'काय आहे'चा रकाना भरलाय, 'कसं रचलंय'चा कोरा ठेवलाय, आणि नावाच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलंय: बुधवारनंतर.

ताळगाव_पठार

लेझर कमी जोरावर ठेवायला सांगा. आणि तिला घेऊन जा.